नितळ पाणी

“आई, इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आणि खालून नितळ पाणी येईपर्यंत धुणं थांबवायचं नाही.” होडीत बसण्याआधी योस्वेलनं एवढंच बजावलं होतं.

नेरेइदानं तिसरी बादली ओतली, तरी खालच्या तोटीतून गंजाचं तांबडं पाणीच येत राहिलं.

कुंपणापलीकडून मिग्दालिया म्हणाली, “अगं बये, नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि ते तू या म्हातारीला पाजतेस? आजोबांच्या वेळची गाडी ही, गंजावरच तर उभी आहे.”

“कोब्रेला जायचंय. चढावर तापायला नको.”

मिग्दालियाचा चेहरा उजळला. पोरगा समुद्रापलीकडे सुखरूप पोहोचला की याच गाडीतून जाऊन कोब्रेच्या चर्चमधल्या माऊलीला सूर्यफुलं वाहीन, हा नेरेइदाचा नवस सगळ्या गल्लीला ठाऊक होता.

“म्हणजे योस्वेलचा फोन आला? आणि मला सांगितलं नाहीस, लबाडे.”

नेरेइदानं पुढची बादली ओतली. चौथ्या बादलीचं पाणीही तांबडंच आलं. घरात आता पिण्याच्या पाण्याचा हंडा तेवढा उरला होता. खालची तोटी बंद करून तोही तिनं रेडिएटरमध्ये रिकामा केला, झाकण घट्ट बसवलं आणि सूर्यफुलांचा गुच्छ शेजारच्या सीटवर ठेवला.

“फोन नाही आला गं,” गाडी हळूच रस्त्यावर काढताना ती म्हणाली. “तो गेल्याला वर्ष होत आलं. म्हटलं, नवस आधीच फेडून टाकावा. फेडलेल्या नवसाला माऊली तरी नाही कसं म्हणेल?”