साधा पत्रा

दोंडाईच्यातल्या मिरचीच्या गोदामाचं छत मीच ठरवलं होतं. पौषातल्या गार सकाळी शेजारच्या गोदामात उन्हानं कोमट झालेल्या पत्र्याखाली उभा राहिलो, ऊब गोड वाटली, मालकाला म्हटलं, “उष्णता अडवणारं फोमचं छत कशाला? साधा पत्रा बस्स.” चैत्रातल्या दुपारी पुन्हा गेलो, तर तापलेल्या पत्र्याखाली बाया मिरचीचे देठ खुडत होत्या, घामानं न्हालेल्या. त्यांच्यातली भिकुबाई हसत म्हणाली, “ज्यानी हाऊ पत्रा पसंत कया ना, त्याले एक दुपार आठे बठाडा!” त्याला इथं बसवायच्या कल्पनेनं साऱ्याजणी खिदळल्या. “कोन व्हता तो, भाऊ?” भिकुबाईनं मला विचारलं. “मुंबईचा कोणी इंजिनिअर,” मी पुटपुटलो. “तुमले सवय नही,” म्हणत तिनं आपल्या डोक्यावरचं ओलं फडकं काढून माझ्या डोक्यावर टाकलं. ते काढताही येईना, ठेवताही येईना. डोळे भरून आले. “डोयामा तिखट गयं का, भाऊ?” तिनं विचारलं. मी दुसऱ्यांदा खोटं बोललो, “हो.”