काट्याचं शून्य

मोडेमचं कार्ड काढून टाकल्यावर जुन्या विंडोजला काट्याची वायर जोडायचा सिरियल पोर्ट एकदाचा सापडला. दुरुस्तीला आलेल्या अन्वरनं हुश्श केलं. उद्या साखर कारखान्यात मोळी पडून गाळप सुरू व्हायचं होतं आणि उसाच्या गाड्या तोलायच्या काट्याचं वजन सकाळपासून कॉम्प्युटरवर यायलाच तयार नव्हतं. आता पडद्यावर आकडा उमटला, पासष्ट किलो.

त्यानं खिडकीतून पाहिलं. काटा रिकामा होता. उन्हात तापलेल्या त्या लोखंडी पत्र्यावर साधं कुत्रंही नव्हतं.

“आमच्या यांचं वजन पासष्टच होतं,” मागून कुसुमताई म्हणाल्या. नवरा वारल्यावर काट्यावरची त्याची नोकरी त्यांना मिळाली होती. “पहिली गाडी घ्यायच्या आधी रोज स्वतः उभे राहायचे. काटा खरं बोलतोय का, ते बघायला.”

“बरेच दिवस बंद होता ना ताई, म्हणून चुकतोय,” असं म्हणत अन्वरनं काट्याच्या डब्यावरचं शून्याचं बटण दाबलं. आकडा निमूट शून्यावर आला.

तो वायरी गुंडाळायला लागला, तेवढ्यात बाहेर पत्रा कुरकुरला. पडद्यावर उणे पासष्ट आलं होतं. अन्वरच्या हातातली वायर तशीच राहिली. काट्यावर कुणी उभं असताना शून्य केलं, तरच ते उतरल्यावर आकडा उणे होतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कुसुमताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“अन्वरभाऊ, खुर्ची सोडा जरा,” त्या हळूच म्हणाल्या. “वजन करून झालं, की ते इथंच येऊन बसायचे.”