दोन मशीनं, एक बँजो

दुसरं मशीन सुरू झालं आणि बँजोचा आवाज दुप्पट व्हायचा सोडून पार बसला. ढम्म असं काही उरलंच नाही, नुसती चिरचिर. असोद्याच्या मांडवात नाचायला उचललेले पाय तसेच अधांतरी राहिले.

बँजो वाजवत होती खुद्द नवरी. मयुरीनं हळदीनं माखलेली बोटं पट्ट्यांवरून उचलली आणि कपाळाला हात लावला. तिचे वडील तोताराम यांची असोद्याची बँजो पार्टी, होणारे सासरे अभिमन यांची धुळ्याची. आयुष्यभर एकमेकांच्या सुपाऱ्या पळवत आलेले हे दोघे व्याही व्हायला कसेबसे तयार झाले होते. मयुरीनं एकच अट घातली होती: हळदीला बँजो एक, पण ॲम्प्लिफायर दोन्ही घरांचे. वडिलांचं जुनं मशीन आवाजाला जाडी देईल, सासऱ्यांचं नवं धार देईल. नवरदेव गोपाल तिला मनापासून आवडला होता. पण त्याच्या घरी जाताना बापाचं घर तुटावं, हे तिला सोसणार नव्हतं.

आवाज का बसला, ते दोघांनाही ठाऊक होतं. एकाच्या स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. दोन्ही आवाज एकमेकांना खात होते. उपाय अगदी पोरखेळ. कुणा एकानंच आपल्या मशीनच्या डब्यामागची लाल आणि काळी वायर अदलाबदल करायची, की झालं. पण कुणी?

"माह्या बँजोवर अर्धा तालुका नाचला. मी काहाले फिरवू?" तोताराम म्हणाले.

"मी पोऱ्याना बाप शे. मी कसाले फिरावू?" अभिमन मुलाच्या बापाच्या तोऱ्यात म्हणाले.

प्रश्न एकच, बोली तेवढ्या दोन. मयुरीच्या आत्याला, यशोदाबाईंना, अपशकुन शोधायला चष्मा लागत नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आवाज जुळंना, तं घरं काय जुळतीन!" पाटावर बसलेल्या गोपालचं तोंड एवढंसं झालं. आता हे दोघं आपापली मशीनं उचलून चालू लागले, तर लग्नाचं काही खरं नव्हतं.

ती उठली आणि सासरची बोली उसनी घेऊन ओरडली, "पहिले बठ्ठा चहा ल्या!"

मांडव खो खो हसला. ती बोली ऐकून अभिमन विरघळले. आणि तीच ऐकून तोतारामांनी तोंड फिरवलं. पोर गेलीच की आपली!

चहा फिरला. बायकांनी दोन्ही व्याह्यांना धरून कोपरापर्यंत हळद फासली. तोताराम जनरेटर बघायला म्हणून उठून गेले. ते आले आणि अभिमन चप्पल शोधायला गेले. चप्पल पायातच होती, पण लग्नघरात एवढं कोण बघतं? दोघंही परत आले ते दूध पिऊन आलेल्या बोक्यासारखा चेहरा करून.

"लाव गं पोरी!" दोघं एकदमच म्हणाले.

मयुरीनं पट्टी दाबली, तार छेडली. पुन्हा तीच चिरचिर.

सगळ्यांत जास्त धक्का बसला तो त्या दोघांना. ते डोळे फाडून एकमेकांकडे बघत राहिले. मयुरी हातातला बँजो ठेवून तरातरा डब्यांच्या मागे गेली. वडिलांच्या डब्याला लाल वायर काळीच्या जागी होती. सासऱ्यांच्या डब्यालाही लाल वायर काळीच्या जागीच होती. आणि दोन्हीकडे हळदीच्या ओल्या बोटांचे ठसे.

ती तिथेच फतकल मारून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दोघांनी फिरवली! अरे देवा, दोघांनी!"

"व्याही, तुम्ही?" तोताराम पुटपुटले.

"आनि तुम्हीन बी?" अभिमन लाजले.

मांडवात हशा उसळला. यशोदाबाईंचा पदर तोंडात गेला. चूक सुधारायला म्हणून दोघे व्याही एकाच वेळी उठले आणि आपापल्या डब्याकडे धावत सुटले, आपली वायर पुन्हा सरळ करायला.

मयुरी ताडकन उठली. एका पिवळ्या हातानं तिनं बापाचा सदरा धरला, दुसऱ्यानं सासऱ्याचा.

"आबा! मामा! आता एक जण तं अडून बसा!"