आपण आलो ते इथेच

"आपण आलो ते इथेच," असं कुजबुजून क्लॅरेन्सनं हॅट उचलली आणि उठला.

पडद्यावर सिनेमातला नवरा होडी रंगवत होता. दुपारी दोघं अंधारात चाचपडत आत शिरले तेव्हाही तो होडीच रंगवत होता. त्या काळी हेनेपिन रस्त्यावरच्या थिएटरांत दिवसभर खेळामागून खेळ चालायचे. माणसं मनाला येईल तेव्हा तिकीट काढून शिरायची, आधी शेवट बघायची, मग सुरुवात, आणि आपण आलो ती जागा आली की उठून घरी जायची. सुरुवातीचा भाग क्लॅरेन्स हटकून झोपून काढायचा. पण ती जागा आली की कुणी चिमटा काढल्यासारखा जागा व्हायचा. त्यात कधी चूक नाही.

इर्मा उठली नाही.

"चल ना."

"मला शेवट बघायचाय."

"अगं, मघाशी बघितलास की! ती वेडी बाई कुऱ्हाड घेऊन स्वयंपाकघराची भिंत फोडते. पोट धरधरून हसलीस."

"म्हणूनच."

मागून कुणीतरी खेकसलं, "ओ हॅटवाले! बसा, नाहीतर घरी जा!"

क्लॅरेन्स अर्धवट वाकला. "इर्मा, बाहेर बर्फ पडतंय. जेवणाची वेळ झाली. मी निघालो, तू ये बसनं."

"येईन."

लोकांचे पाय तुडवत तो गेला. इर्मानं मागे वळून पाहिलं नाही. लग्न झाल्यापासून दर शनिवारी सिनेमा, आणि एकही तिनं सरळ पाहिला नव्हता. आज हा पाहायचा म्हणजे पाहायचाच.

पडद्यावरच्या बाईला स्वयंपाकघरात एक खिडकी हवी होती. भांडी घासताना नदी दिसावी, एवढंच. हे तिनं नवऱ्याला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, मग पोरं झाल्यावर, मग त्याच्या आजारपणात उशाशी बसून. तो दर वेळी "हो, हो, करू की," म्हणायचा. अगदी मनापासून म्हणायचा आणि विसरायचा. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं.

मग ती कुऱ्हाड घेऊन आली. मध्येच येऊन बसलेले सगळे खो खो हसले. इर्मा रडली, नाक लाल होईपर्यंत रडली. मघाशी आपण हसलो याची तिला लाज वाटली आणि फार मोकळंही वाटलं.

खेळ संपून पडद्यावर पुढच्या खेळाआधीच्या बातम्या सुरू झाल्या तशी शेजारची खुर्ची करकरली. क्लॅरेन्स होता. कोटावर बर्फाचा कणसुद्धा नव्हता.

"गेला नाहीस?"

"मागे उभा होतो." तो हॅटची कड चाचपत राहिला. "तू रुमाल काढलास ते दिसलं. भिंत का फोडली गं तिनं?"

"तू झोपला होतास तेव्हाच ते सगळं झालं."

"मग सांग की वाटेत."

"नाही सांगणार. बघ."

"आता? पुन्हा पहिल्यापासून? आणि जेवण?"

"जेवण होईल तेव्हा होईल, क्लॅरेन्स. नाहीतर नाही होणार."

तो कोटाची बटणं सोडू लागला. बातम्या संपल्या, नावं झळकली, नवी नवरी नव्या घरात आली. क्लॅरेन्सची मान सवयीनं मागे टेकली.

इर्मानं त्याची बाही मुठीत धरून हिसडा दिला.

"ऐक," ती म्हणाली. "आता ती सांगणार आहे."