भर दुपारचे दिवे

वीतोनं एसी लावला आणि पाणी घेऊन तो परत येईपर्यंत आईनं बंदही केला.

"आई, डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? या उकाड्यात तुझं हृदय टिकायचं नाही."

"खिडकी उघड," त्याची आई इन्कोरोनाता म्हणाली. बाल्कनीत वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या माळासुद्धा हलत नव्हत्या.

हे आजचं नव्हतं. तिन्हीसांजेला ती अंधारातच शेंगा सोलायची. कुणी खोलीतून बाहेर पडलं रे पडलं, की तिचा हात बटणाकडे. वीतो लहानपणी अभ्यासाला बसायचा तेव्हा तेवढा एकच दिवा लागायचा, आणि ती समोर बसून राहायची, दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तशी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं गाव म्हणायचं. वीतोही हसून म्हणायचा. या उन्हाळ्यात मात्र त्याला हसू येत नव्हतं. आई डोळ्यांदेखत सुकत चालली होती.

म्हणून त्यानं सोलर पॅनल घ्यायचं ठरवलं. वीज फुकट म्हटल्यावर तरी ती एसी चालू देईल. शिवाय निम्मा खर्च सरकार दहा वर्षांत करातून वळता करून देणार होतं. घर आईचं, म्हणून त्यानं सगळं आईच्याच नावानं मांडलं आणि तिला घेऊन खालच्या गावातलं करसल्ला केंद्र गाठलं.

"असं नाही जमायचं," तिथली लोरेदाना म्हणाली. "आजींना बेल्जियमच्या कोळसा खाणीकडून विधवेचं पेन्शन येतं, तेही एवढंसं. त्यावर करच बसत नाही. करच नाही, तर सूट कशातून देणार?"

वीतोचा चेहरा पडला.

"पण तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना? मग बिल आणि बँकेतला भरणा तुमच्या नावानं करा. पोस्टातल्या नोकरीच्या पेन्शनवर तुम्ही कर भरताच. त्यातून सूट मिळेल."

वीतोचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आई पुढे सरकली.

"सरकार बदल्यात काय घेणार?"

"काही नाही, आजी."

"काही नाही कसं? मागं सरकारनं बेल्जियमकडून कोळसा आणला, तेव्हा बदल्यात खाणीत आपली माणसं दिली होती."

"आई, इथं तरी घासाघीस नको गं!" वीतो ओशाळून म्हणाला. त्यानं बापाला कधी पाहिलं नव्हतं. तो पोटात असतानाच बाप त्या खाणीत उतरला, तो वर आलाच नाही.

"फक्त ऊन लागतं, आजी," लोरेदाना हळूच म्हणाली. "तुमच्या छतावर पडतं तेवढं."

म्हातारीनं दारातून बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग वीतोला म्हणाली, "कर सही."

ऐन ऑगस्टात पॅनल बसली. माणसं सामान आवरून गेली, वीतो पाव आणायला गेला. परत आला तो दारातच थबकला. लख्ख उन्हात घरातले सगळे दिवे लागले होते. स्वयंपाकघरातला, जिन्यातला, पुढच्या खोलीत मदोन्ना मातेच्या तसबिरीवरचा. एसी घरघरत होता आणि त्या गारव्यात आई ताठ बसली होती. तिचे पांढरे केस भुरभुरत होते. वीतोनं तिला इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं.

"काय गं, संताच्या उत्सवाची रोषणाई का? फुकट आहे म्हणून?"

ती हसली नाही. छताकडे बोट करून तिनं विचारलं, "वीतो, खरं सांग. एवढे दिवे लागलेत. यांच्यासाठी खाली कुणी उतरलेलं नाही ना?"

वीतोनं आत येऊन पाव खाली ठेवला आणि तो तिच्यासमोर बसला. 

"नाही, आई. खाली कुणी नाही."

मागच्या खोलीतला एक दिवा राहिला होता. तो त्यानं स्वतः जाऊन लावला.