बोट टेकलं की

पस्तीस वर्षं वॉर्डात लोकांच्या नाड्या बघून निवृत्त झालेल्या सिस्टर प्रयोगाला आल्या होत्या. व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला की त्यांना स्वतःचाच हात दिसायचा, पण चित्रातला. संशोधक मुलगी खऱ्या मनगटावर बोट टेकवायची, तेव्हा चित्रातल्या मनगटावरही बोट टेकलेलं दिसायचं. जाणवलं रे जाणवलं की सिस्टरनी बटण दाबायचं, मग मुलगी बोट उचलणार.

आपला हात डोळ्यांसमोर असला की माणसं चटकन बटण दाबतात. सिस्टर मात्र त्या बोटाकडे नुसत्या बघत बसायच्या आणि बटण दाबायला दहा-दहा सेकंद लावायच्या.

चौथ्या फेरीनंतर मुलगी वैतागली. "सिस्टर, जन्मभर नाड्या बघितल्यात तुम्ही, आणि तुम्हालाच बोट टेकलेलं कळत नाही? मशीनच बिघडलंय बहुतेक."

"अगं, मशीनला कशाला नावं ठेवतेस? टेकल्या टेकल्या कळतं मला."

"मग बटण का नाही दाबत लगेच?"

सिस्टरनी चष्मा काढलाच नाही.

 

"दाबलं की तू बोट उचलतेस ना."