त्या दिवशीची चूल

तात्यासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातला कागद खाली ठेवला. ओसरीवर बसलेल्यांपैकी निम्म्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

"हे ज्यानं लिहिलंय त्यानं भोगलंय," ते म्हणाले. "कुणाचं आहे?"

शीलानं हात वर केला.

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या सुकेशनीचे हात मांडीवरच राहिले. परक्याच्या रानात मोटार चालू करायला गेलेला आणि शॉक लागून तिथंच संपलेला तो कागदातला भाऊ तिचा होता. राजेंद्र. शीलानं त्याचा सुदर्शन केला होता आणि त्याच्या आईला हंबरडा फोडायला लावला होता. शिवणकामाच्या शेडमध्ये दोघींच्या मशिनी शेजारी शेजारी. त्या खडखडाटात सुकेशनीनं जे जे सांगितलं, ते शीलानं नीट ऐकलं होतं. दौलताबादच्या या बंगल्यात, या लेखन शिबिराला तिला ओढून आणणारीही शीलाच. दोघींचं हे पहिलंच शिबिर.

"तूच म्हणायचीस ना, मला नाय जमायचं," शीला कुजबुजली. "म्हणून मी लिहिलं गं. रागावली व्हय?"

रागवायला तरी सवड हवी. तात्यासाहेबांनी पुढचा कागद उचलला होता आणि अक्षर सुकेशनीचं होतं. शिबिराचा नियमच तसा: कागदावर नाव घालायचं नाही, वाचणार तात्यासाहेब. माणसाचं तोंड बघून कुणी वाहवा करू नये म्हणून. नियम चांगलाच होता म्हणा.

सोयगावहून निघताना माय म्हणाली होती, "त्याचं नाव चार माणसांत येऊ दे, बाई. एवढंच कर." ते नाव सुकेशनीनं जपून शेवटच्या ओळीत ठेवलं होतं.

तात्यासाहेब वाचत गेले. पोरांनी त्याला उचलून आणलं. अंगणात ठेवलं. माय रडली नाही. ती उठली, चूल पेटवली आणि भाकरी थापायला बसली.

इथं ते थांबले.

"विषय तोच, पण फरक बघा. दारात प्रेत असताना घरात चूल पेटते का कुठं? शेजारपाजारचे आणून घालतात. आणि ही आई भाकरी थापतेय! लिहिणाऱ्यानं मरण पाहिलेलं नाही. कुणाचं आहे हे?"

ती पोरं राजेंद्रला खांद्यावर घेऊन एवढ्या लांबून चालत आली होती आणि सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं, हे पुढच्याच ओळीत होतं. हात वर करायचा, एवढंच काम. सुकेशनीनं शीलाकडं पाहिलं. शीला मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. हात वर करून हा माझाच भाऊ म्हटलं तर शीला सगळ्यांसमोर उघडी पडणार, नाही केला तर राजेंद्रचं नाव राहून जाणार. हात काही वर गेला नाही.

"बरं, असू द्या," तात्यासाहेब म्हणाले आणि तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी घालून त्यांनी दुसरा काढला.

जेवणाच्या सुट्टीत मायचा फोन आला. सुकेशनी ताट तसंच ठेवून बंगल्यामागच्या सीताफळीखाली गेली.

"वाचलं का गं?"

"वाचलं, माय."

"नाव घेतलं त्याचं?"

"घेतलं."

"काय म्हणले लोकं?"

"रडले. लई रडले."

"अन् मी रडले नाय, चूल पेटवली, ते? त्याला काय म्हणले?"

एवढं खोटं बोलून झालं होतं, त्यात आणखी एक सहज खपलं असतं. पण ते काही सुकेशनीच्या तोंडून निघेना.

"ते त्यांना खरं वाटलं नाय, माय."

फोन कट झाला की काय, म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला.

"मला तरी कुठं वाटतंय अजून," माय म्हणाली.